मनोऱ्याकडे दृष्टी लावून
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र १२:१-३, १ करिंथकरांस ९:२४-२७, फिलिप्पैकरांस ३:१२-१४.
पाठांतरासाठी वचन : फिलिप्पैकरांस ३:१४.
पाठाचा हेतू : ख्रिस्ती जीवनाची धाव कोठे लक्ष ठेवून धावावी, पडल्यास काय करावे, आणि बक्षीस मिळाले नाही असे वाटल्यास धीर कसा धरावा, हे एका धावपटूच्या वृत्तांतावरून शिकणे.

अंजनगाव सुर्जीच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्याच्या दिवसांत ज्यांनी एका मंडळीहून दुसऱ्या मंडळीस पायी प्रवास केला आहे, त्यांस वाट कशी असते हे सांगावयास नको. पांदण चिखलाने भरून जाते. काळी माती पायतणास अशी धरते की प्रत्येक पाऊल शेराशेराने जड होते. मध्येच एखादा नाला भरून वाहतो; कोठे शेताचा धुरा चढावा लागतो, कोठे पानमळ्याचे कुंपण आडवे येते, आणि तुरीचे पीक डोक्याइतके वाढलेले असल्यास समोरचे काहीच दिसत नाही. अशा वेळी जाणता मनुष्य पायांखालच्या वाटेवर विसंबत नाही. तो दूरचे एखादे चिन्ह नजरेत धरतो. गावाबाहेरचा वड, पाण्याची उंच टाकी किंवा उत्तरेकडील गाविलगडाच्या डोंगराचे एखादे शिखर पाहत तो चालतो. वाट वाकडी झाली तरी खूण हरवत नाही, म्हणून तो मुक्कामास पोहोचतो.

आजचा पाठ ह्याच गोष्टीविषयी आहे.

शर्यतीचे नाव व तिचे स्वरूप

धावण्याच्या स्पर्धांत स्टीपलचेस नावाची एक शर्यत आहे. हे नाव आपल्या वाचकांस मोठे मौजेचे वाटेल. स्टीपल म्हणजे ख्रिस्ती उपासनामंदिराचा उंच, निमुळता मनोरा. चेस म्हणजे पाठलाग. सन १७५२ मध्ये आयर्लंड देशाच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी घोड्यावर बसून बटव्हंट गावच्या मंदिरापासून डोनरेल गावच्या मंदिरापर्यंत सुमारे चार मैलांची शर्यत लावली, असे सांगतात. मधल्या मुलखात सरळ रस्ता नव्हता. कुंपणे, दगडी बांध, ओढे व खड्डे होते. परंतु मंदिराचा मनोरा दुरून दिसत असे, म्हणून अडथळे ओलांडताना दिशा चुकत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी अशीच शर्यत पायी धावण्यास आरंभ केला, आणि कालांतराने ती मैदानात आली.

आज पुरुषांची ही शर्यत ३,००० मीटरांची, म्हणजे एका कोसास थोडी कमी, अशी असते. सन १९२० पासून ऑलिंपिक सामन्यांत ती ह्याच अंतराची आहे. तीत अठ्ठावीस वेळा लाकडी अडसर व सात वेळा पाण्याचा खड्डा, असे एकंदर पस्तीस अडथळे ओलांडावे लागतात. अडसराची उंची तीन फूट असते आणि तो इतका जड असतो की धक्का लागल्यास तो पडत नाही, धावणाराच पडतो. पाण्याचा खड्डा बारा फूट लांब असतो. पहिल्या फेरीत हे अडथळे सोपे वाटतात. शेवटच्या फेरीत, छाती भरून आली व पाय जड झाले म्हणजे, तोच तीन फुटांचा अडसर भिंतीसारखा दिसतो.

मैदानात आता मनोरा नाही. नाव मात्र राहिले आहे, आणि त्या नावात आपल्यासाठी एक उपदेश राहिला आहे.

मांडव्याचा धावपटू

ह्या शर्यतीत ज्यांनी आपल्या महाराष्ट्राचे नाव जगभर नेले ते श्री. अविनाश मुकुंद साबळे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा ह्या गावी सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांचा जन्म झाला. तो भाग अवर्षणाचा. आईवडील शेती करीत आणि वीटभट्टीवरही कामास जात. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. जाण्यायेण्यास गाडीची सोय नाही. म्हणून लहानपणापासून हे अंतर पायी व धावत काटावे लागे. त्या मुलास कोणी धावपटू करीत नव्हते. शाळेस उशीर होऊ नये एवढाच हेतू होता. परंतु ज्या गोष्टीचा आपण त्रास मानतो तीच गोष्ट पुष्कळदा आपली तयारी असते.

बारावीचे शिक्षण झाल्यावर ते सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत, भरती झाले. ही रेजिमेंट सन १९४१ मध्ये बेळगाव येथे उभारली गेली. सैनिक म्हणून त्यांनी सियाचीनच्या बर्फात, राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीमच्या डोंगरात नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धेत ते उतरले ते सन २०१५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मध्यंतरी वजन वाढले होते. ते कठोर मेहनतीने उतरवावे लागले. सैन्यातील शिक्षक श्री. अमरीश कुमार ह्यांच्या सल्ल्यावरून सन २०१७ मध्ये त्यांनी स्टीपलचेस ही शर्यत स्वीकारली.

ह्या शर्यतीचा भारतीय विक्रम श्री. गोपाल सैनी ह्यांच्या नावे सन १९८१ पासून होता : ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. सदतीस वर्षे तो कोणाच्याने मोडला नाही. सन २०१८ च्या सप्टेंबरात भुवनेश्वर येथे साबळे ह्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी करून तो मोडला. म्हणजे जेमतेम एका सेकंदाने! तेथून पुढे त्यांनी स्वतःचाच विक्रम वारंवार मोडला. सन २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत ८ मिनिटे २१.३७ सेकंद, सन २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकात ८ मिनिटे १८.१२ सेकंद, सन २०२२ च्या ऑगस्टात बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत ८ मिनिटे ११.२० सेकंद; आणि सन २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद कमी झाले. वीस सेकंद म्हणजे केवढे? एक लहान प्रार्थना म्हणावयास लागतात तेवढे. परंतु ते एका दिवसात कमी झाले नाहीत. आज एक, उद्या अर्धा, अशा हिशेबाने झाले.

बर्मिंगहॅम येथील रौप्यपदकाचे महत्त्व समजण्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सन १९९८ पासून सन २०१८ पर्यंत राष्ट्रकुल सामन्यांत ह्या शर्यतीची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनिया देशाच्या धावपटूंनी नेली होती. त्या भिंतीस साबळे ह्यांनी प्रथम खिंड पाडली. सुवर्णपदक मिळविणारे केनियाचे अब्राहम किबिवोट ह्यांच्यात व त्यांच्यात अंतर राहिले ते एका सेकंदाच्या शतांशांपैकी केवळ पाचांचे. डोळ्याचे पाते लवण्यासही ह्याहून अधिक वेळ लागतो. पुढच्या वर्षी, सन २०२३ च्या ऑक्टोबरात, चीन देशातील हांगझोऊ येथील आशियाई सामन्यांत त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये आशियाई सामन्यांचे सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच सामन्यांत ५,००० मीटरांच्या शर्यतीत त्यांस रौप्यपदकही मिळाले.

हा वृत्तांत मंडळीच्या वर्गात का?

कोणी म्हणेल, खेळाच्या मैदानातील गोष्टी उपासनेच्या वर्गात कशास? उत्तर असे की पौल प्रेषिताने ह्यास संकोच केला नाही. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे सामने भरत. तेथे जिंकणाऱ्यास पाइन झाडाच्या डहाळ्यांचा, कधी सुकलेल्या अजमोद्याच्या जातीच्या पाल्याचा, मुकुट मिळे. करिंथच्या मंडळीतील लोक ते सामने पाहत वाढलेले होते. पौलाने त्यांच्याच डोळ्यांपुढील गोष्ट घेऊन त्यांस शिकविले की, जो मुकुट आठवड्यात वाळून जातो त्याच्यासाठी मनुष्य एवढा संयम करतो, तर जो कधी वाळत नाही त्याच्यासाठी आपण काय करावे? पौल त्या धावणाऱ्यांचा धर्म विचारीत बसला नाही. आपणही तसेच करू. आपल्या जिल्ह्यास तर व्यायामाचा आदर नवा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सन १९१४ मध्ये स्थापन झाले व त्याच्या पथकाने सन १९३६ मध्ये बर्लिन येथे भारतीय व्यायामाचे प्रयोग करून दाखविले. तेव्हा शिस्तीच्या गोष्टी वऱ्हाडच्या वाचकांस परक्या वाटू नयेत.

आता ह्या वृत्तांतापासून चार धडे घेऊ.

पहिला धडा : ओझे टाकून देणे

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात धावण्यापूर्वी दोन गोष्टी टाकण्यास सांगितले आहे : एक पाप, व दुसरे ओझे. ह्या दोहोंत भेद आहे. पाप हे उघड वाईट असते. ओझे हे स्वतः वाईट असेलच असे नाही. परंतु ते घेऊन धावता येत नाही. धावपटूच्या अंगावरील अधिक मांस हे काही पाप नव्हे, तरी तीन फुटांच्या अडसरावरून ते प्रत्येक वेळी उचलून न्यावे लागते, आणि पस्तीस वेळा उचलणे हा मोठा दंड आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे पाप सुटले आहे, पण ओझे सुटलेले नाही. दारू सोडली, परंतु जुन्या भाऊबंदकीचा राग सुटला नाही. मूर्ती सोडली, परंतु लग्नात कर्ज काढून मोठेपणा मिरविण्याची हौस सुटली नाही. पहिल्या फेरीत हे ध्यानात येत नाही. वर्षे जातात, दुःखे येतात, आणि मग तेच ओझे अडसरावरून उचलवत नाही. प्रत्येकाने स्वतःस विचारावे : माझ्याजवळ असे काय आहे की जे पाप नाही म्हणून मी ठेवले आहे, आणि ज्यामुळे मी मागे पडत आहे?

दुसरा धडा : पडल्यावर काय करावे

दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत साबळे ह्यांस मोठा प्रसंग आला. दाटीमध्ये इतर धावपटूंशी टक्कर होऊन त्यांची वाट दोनदा अडली. अशा वेळी पुष्कळजण रागाने किंवा निराशेने धावणे सोडतात. ते थांबले नाहीत. उरलेले अंतर धावून गेले, आणि एवढे होऊनही त्या फेरीत त्यांनी आपला तोवरचा विक्रम मोडला. तथापि अंतिम शर्यतीसाठी लागणारे स्थान त्यांस मिळाले नाही. मग भारतीय संघाच्या अधिकाऱ्यांनी पंचांपुढे त्यांच्यावतीने तक्रार मांडली. पंचांनी ती मान्य केली व त्यांस अंतिम शर्यतीत घेतले. तेथे ते तेराव्या स्थानी आले, परंतु पुन्हा नवा विक्रम करून टोकियो ऑलिंपिकास पात्र ठरले.

येथे दोन गोष्टी ध्यानात धराव्या. एक अशी की त्यांची बाजू दुसऱ्याने मांडली. परंतु ते धावून मुक्कामास पोहोचले नसते तर मांडावयास बाजूच राहिली नसती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की आपल्यासाठीही पित्याजवळ एक कैवारी आहे. परंतु ह्या दोन कैवाऱ्यांत अंतर आहे. दोहा येथील कैवाऱ्यांनी सांगितले की आमच्या मनुष्याचा अपराध नाही. आपला कैवारी असे सांगत नाही, कारण ते खरे नाही. आपण दुसऱ्याच्या धक्क्याने पडतो तसे स्वतःच्या मूर्खपणानेही पडतो. आपला कैवारी आपले निरपराधपण पुढे करीत नाही. तो स्वतःचे बलिदान पुढे करतो. म्हणून जो पडला आहे त्याने उठावे. मंडळीतील जो बंधू वर्षभर उपासनेस आला नाही, ज्याच्या पडण्याची गावभर चर्चा झाली, त्यास उपदेशकाने प्रथम हेच सांगावे की तुझा कैवारी अद्याप उभा आहे. आणि इतरांनी त्यास वाट द्यावी, पायात पाय घालू नये.

तिसरा धडा : अकरावा आल्यास व्यर्थ धावला काय?

सन २०२४ च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकाच्या अंतिम शर्यतीत साबळे उतरले. ह्या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीपर्यंत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष होते. वेळ लागला ८ मिनिटे १४.१८ सेकंद, स्थान अकरावे. सुवर्णपदक मोरोक्को देशाच्या सुफियान अल बक्कालीस मिळाले. त्या वेळी कोणी म्हणाले असेल, ‘अकरावा आला, मग काय मिळविले?’

हा प्रश्न आपण नीट ऐकावा, कारण तोच प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील सेवकांच्या मनास रात्री छळतो. एखादा उपदेशक एकाच गावात वीस वर्षे राबतो. आरंभी सात घरे होती; आज नऊ आहेत. त्यांपैकी दोन घरांतील तरुण पुण्यामुंबईस गेले. मंदिराच्या पत्र्यातून पाणी गळते. दुसऱ्या तालुक्यातील मंडळीचा अहवाल वाचला म्हणजे तेथे मोठमोठे आकडे असतात. मग तो स्वतःशी म्हणतो, माझी धाव फुकट गेली.

अशा बंधूस शास्त्राचे उत्तर असे आहे : शर्यतीत एकासच बक्षीस मिळते हे मैदानाविषयी खरे आहे, ख्रिस्ताच्या राज्याविषयी खरे नाही. पौलाने ही उपमा घेतली ती धावण्याच्या निष्ठेसाठी. इतरांस मागे टाकण्यासाठी नव्हे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो आपल्या मुकुटाविषयी बोलतो आणि लगेच सांगतो की तो मुकुट केवळ मजसाठी नाही. प्रभूच्या येण्याची आवड धरणाऱ्या सर्वांसाठी आहे. तेथे तुमचा सोबती जिंकला म्हणून तुम्ही हरत नाही.

शिवाय ह्या धावपटूच्या हिशेबाकडे पाहा. पॅरिसच्या अंतिम शर्यतीत अकरावे स्थान मिळविताना त्यांना जो वेळ लागला तो, सन २०१८ मध्ये देशभर ज्या विक्रमाचा गौरव झाला त्याहून पंधरा सेकंदांनी कमी होता. स्थान लहान दिसले, धाव मोठी होती. मनुष्य स्थान पाहतो. देव धाव पाहतो.

आपल्या देशाच्या पहिल्या धावपटूंचेही असेच आहे. सन १९२० मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ह्यांच्या खटपटीने भारतीय खेळाडू बेल्जम देशातील अँटवर्प येथील ऑलिंपिकास गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉनची लांब शर्यत धावले व एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. परंतु वाट पडली. त्याच वाटेने पुढे पिढ्यान्‌पिढ्या धावणारे गेले : नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत, ज्यांस सन २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरांसाठी कांस्यपदक मिळाले, सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर, ज्या सन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, आणि मांडव्याचे साबळे. पहिला मनुष्य एकोणिसावा येण्यास लाजला असता, तर पुढच्यांस वाट कोणी दाखविली असती?

मंडळीत तर हे अधिकच खरे आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले आणि ते अपुरे ठेवून सन १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्याचे काम पुष्कळ वर्षे केले व ते हातावेगळे होताच सन १९२२ च्या एप्रिलात त्यांची धाव संपली. एकीने आपले काम पुरे झालेले पाहिले, दुसऱ्याने पाहिले नाही. दोघेही त्याच साक्षीदारांच्या मेघात आहेत.

चौथा धडा : धाव थांबली तर?

सन २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळे ह्यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. पुढे दोनच महिन्यांनी, जुलैत, मोनॅको येथील शर्यतीत ते पडले व गुडघ्यास मोठी दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षी टोकियो येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेस त्यांस मुकावे लागले. ज्या पायांवर सर्व काही उभे होते तेच पाय बिछान्यावर.

प्रिय वाचकहो, हा प्रसंग प्रत्येकावर येतो. एखाद्यास अर्धांगवायू होतो. एखाद्याची दृष्टी जाते आणि शास्त्र वाचता येत नाही. एखादी विधवा बहीण लेकरांच्या पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणी करीत रविवारच्या उपासनेस मुकते. त्यांची धाव संपली काय?

येथे स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल ह्यांचे स्मरण करावे. मिशनरी आईबापांच्या पोटी सन १९०२ मध्ये चीन देशात त्यांचा जन्म झाला. सन १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात १०० मीटरांच्या फेऱ्या प्रभूच्या दिवशी असल्यामुळे त्यांनी ती शर्यत सोडली, आणि ४०० मीटरांत सुवर्णपदक मिळविले. लोकांस एवढेच ठाऊक असते. परंतु पुढच्याच वर्षी ते मिशनरी होऊन चीनमध्ये गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या वेइशिएन येथील बंदिवासात, मुलांस शिकवीत व म्हाताऱ्यांची सेवा करीत, सन १९४५ च्या फेब्रुवारीत मरण पावले. त्या कुंपणाच्या आत धावपट्टी नव्हती, पंच नव्हते, घड्याळ नव्हते. तरी त्यांची खरी धाव तेथेच पुरी झाली असे आम्हास वाटते. कारण मनोरा कुंपणाच्या आतूनही दिसतो.

एक इशारा

ह्या पाठाचा कोणी विपरीत अर्थ करू नये. आपण धावतो म्हणून तारण मिळते, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. धावपटू आपल्या मेहनतीने संघात जागा मिळवितो; आपल्यास मात्र जागा कृपेने, विश्वासाच्या द्वारे, अगोदरच मिळालेली आहे. म्हणून आपण भीतीने धावत नाही, उपकाराने धावतो. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल हाच क्रम ठेवतो : ख्रिस्ताने प्रथम मला धरले, म्हणून मी धरण्यास धावतो. तसेच देव आपल्या लोकांस नेहमी पहिले स्थान देतो, हाही समज खोटा आहे. त्याने वधस्तंभापर्यंत जाणाऱ्यास पुत्र म्हटले. ज्याच्याकडे पाहून आपण धावतो तो स्वतः लज्जा सोसून त्या वाटेने गेला आणि आता पित्याच्या उजवीकडे बसला आहे. तोच आपला मनोरा.

तेव्हा, बंधुभगिनींनो, उद्या पांदणीच्या चिखलात पाय रुतला म्हणजे पायांकडे पाहून कष्टी होऊ नका. मान वर करा. खूण तेथेच आहे.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. स्टीपलचेस ह्या नावाचा मूळ अर्थ काय? त्याचा इब्री १२:२ शी संबंध कसा लावाल?
२. पाप व ओझे ह्यांत काय भेद आहे? आपल्या घरातील एका ओझ्याचे नाव मनात घ्या व त्याविषयी घरी प्रार्थना करा.
३. दोहा येथील प्रसंगातील कैवारी व १ योहान २:१-२ मधील कैवारी ह्यांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. आपल्या मंडळीत पडलेला व मागे राहिलेला असा कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?
५. आपल्या गावात सुवार्तेची पहिली वाट कोणी पाडली? त्यांच्या स्मरणार्थ वडील मंडळींनी दोन शब्द सांगावे.

प्रार्थनेचे विषय : एकाकी सेवा करणारे उपदेशक, आजाराने घरी खिळलेले बंधुभगिनी, सहा-सहा किलोमीटर चालून शाळेस जाणारी लेकरे, आणि त्यांच्या पायांत देवाने कोणती तयारी ठेवली आहे हे ओळखण्याची दृष्टी आपणांस मिळावी म्हणून.